दुधाऐवजी नारळ

यवतमाळच्या बसस्थानकापासून पायी जाण्यासारख्या अंतरावर एका कुटुंबाची खानावळ आहे. मावशी चुलीपाशी ज्वारीच्या भाकरी थापतात, सून रश्श्याकडे बघते, मुलगा गल्ल्यावर बसतो आणि नातू शाळेतून आला की दप्तर कोपऱ्यात टाकून पाण्याचे ग्लास भरायला लागतो. दुपारी एकच्या सुमाराला बाकं भरलेली असतात. दारव्ह्याहून कोर्टाच्या तारखेला आलेला शेतकरी असतो, सरकारी दवाखान्यात नातेवाईक भरती असलेलं जोडपं असतं, स्पर्धा परीक्षेसाठी खोली घेऊन राहिलेली पोरं असतात. ताटात भाकर, वांग्याची भाजी, वरण, भात, ठेचा आणि कांदा. पोरांचा हिशेब महिन्याचा. एखादा दोन दिवस आला नाही, तर मावशी त्याच्या सोबत्याला विचारतात, "त्याची तब्येत तं बरी आहे ना?"

मी याच खानावळीत जेवत असताना संपादकांचा फोन आला. यंदाच्या अंकाचा विषय 'घराबाहेरचं घरचं जेवण'. माझ्या वाट्याला आलेला भाग होता ज्यू कुटुंबांनी चालवलेल्या 'डेली'चा, म्हणजे त्यांच्या पारंपरिक जेवणाच्या दुकानाचा. यवतमाळात डेली कुठून असणार? पण आपल्याच कोकणात ज्यू माणसं शतकानुशतकं राहिली, मराठी बोलली आणि मराठीतच स्वयंपाक करत आली. त्यांना आपण बेने इस्रायली म्हणतो. मग त्यांचं घरचं जेवण कोणतं? आणि न्यूयॉर्कच्या ज्यूंनी कोपऱ्याकोपऱ्यावर मांडली तशी जेवणाची दुकानं त्यांनी मुंबईत का मांडली नाहीत? हे दोन प्रश्न घेऊन मी ठाणे आणि अलिबाग गाठलं.

शिवणयंत्रांच्या गल्लीतलं दुकान

आधी डेली म्हणजे काय ते पाहू. १८८० नंतरच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत गेले. त्यातले पुष्कळ जण न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात उतरले आणि कपडे शिवण्याच्या कारखान्यांत लागले. खोल्या लहान आणि कामाचे तास लांब. कित्येक पुरुष एकटेच आलेले, एखाद्या ओळखीच्या कुटुंबात पोटभाडेकरू म्हणून राहणारे. घरी बाई असली तरी तीही शिवणकामाला जुंपलेली. अशा वस्तीत खारवलेलं मांस, लोणच्याच्या काकड्या आणि राय धान्याचा काळपट पाव तयार मिळणारी दुकानं उभी राहिली. बहुतेक दुकानं घरच्या माणसांवर चालत. नवरा मांस कापायचा, बायको सूप आणि सॅलड करायची, मुलं गिऱ्हाईक सांभाळायची.

१८८८ साली सुरू झालेलं कॅट्झ डेलिकॅटेसन आजही तिथे ह्यूस्टन आणि लडलो या रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे. जवळच रस अँड डॉटर्स आहे. हातगाडीवर मासे विकणाऱ्या जोएल रस यांनी १९१४ मध्ये दुकान घातलं आणि पुढे आपल्या तिन्ही मुलींना भागीदार करून त्यांच्या नात्यानेच दुकानाचं नाव ठेवलं. 'आणि मुलगे' अशा पाट्यांच्या त्या काळात 'आणि मुली' अशी पाटी लागली. घरचं दुकान खऱ्या अर्थाने कोणाच्या हातांवर चालतं, याची ती जाहीर कबुली होती.

डेलीचा सर्वांत गाजलेला पदार्थ म्हणजे पास्ट्रामी. मांस मिठाच्या पाण्यात मुरवायचं, वरून मिरी आणि धने चोळायचे, धुरावर ठेवायचं, मग वाफेवर मऊ करून हाताने कापायचं. ही रीत रोमानियाहून आली. तिकडे हंसाचं मांस वापरत. न्यूयॉर्कमध्ये गाईच्या मांसाचे काही भाग स्वस्त मिळत, म्हणून ते आलं. गावाकडची रीत राहिली आणि जिन्नस नव्या गावाचा झाला. स्थलांतरित माणसाचा स्वयंपाक जगभर असाच चालतो.

ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मांस आणि दूध एका जेवणात येत नाहीत. धर्माला चालणाऱ्या अन्नाला कोशर म्हणतात. म्हणून पक्क्या कोशर डेलीत पावाला लोणी लावत नाहीत, मोहरीची चटणी लावतात. तुपाच्या जागी कोंबडीची कढवलेली चरबी असते. दूध, चीज आणि मासे यांची दुकानं वेगळी, रस यांचं दुकान त्या जातीतलं. हा एक नियम ध्यानात ठेवून मी ठाण्याला गेलो.

मासे निवडणाऱ्या बायका

बेने इस्रायलींची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं आणि सात जोडपी वाचली. बुडालेल्यांना जिथे पुरलं असं मानतात, तिथे नवगावला आज स्मारक उभं आहे. वाचलेले लोक गावोगाव पसरले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, केहिमकर, झिराडकर.

हिब्रू विसरली होती, ग्रंथ हाताशी नव्हते. कथा अशी की डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला. त्याला हे लोक आपले वाटले, पण खात्री करायची होती. त्याने बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे बाजूला काढले आणि बाकीचे आपण खात नाही असं सांगितलं. ज्यू शास्त्राचा नियम नेमका हाच. म्हणजे पापलेट, बांगडा, रावस चालतात. कोळंबी, खेकडा, मुशी चालत नाहीत. ही कथा इतिहासाच्या कसोटीला किती उतरते यावर अभ्यासक बोलतीलच. समाजाने मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. त्यांच्या आठवणीत धर्म टिकला तो माशांच्या पाटीसमोर बसलेल्या बायकांच्या हातांत.

सणांची जुनी नावंही स्वयंपाकघरातून आलेली आहेत. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या दिवसाला कोकणात 'बिरड्याचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं करत. 'खिरीचा सण' असे. प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपवासाला 'दारफाळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी घराची दारं लावून माणसं आत राहत. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. त्यांनी ही नावं नोंदवली म्हणून आज ती आपल्यापर्यंत पोहोचली. तो ग्रंथ छापून निघायला १९३७ साल उजाडलं.

शुक्रवारची दुपार

ठाण्यात आज बेने इस्रायलींची वस्ती त्यातल्या त्यात मोठी आहे. १८७९ साली बांधलेलं 'शाआर हश्शामायिम' सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, इथेच. त्या भागातल्या एका घरी मला शुक्रवारी जेवायला बोलावलं होतं, पण काकूंनी अट घातली: "जेवण संध्याकाळी, पण तुम्ही दुपारीच या. स्वयंपाक बघायचा असेल तर दिवे लागायच्या आधी बघा. नंतर मी गॅसला हात लावत नाही."

शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो. त्यानंतर विस्तव पेटवायचा नाही, काम करायचं नाही. म्हणून शुक्रवारची दुपार ही या घराची खरी लगबगीची वेळ. दाराच्या चौकटीला मेझुझा लावलेला, आतल्या चर्मपत्रावर प्रार्थना लिहिलेली. येणारा-जाणारा बोटं त्याला लावून ओठांशी नेतो.

ओट्यावर कोंबडी होती. शास्त्राप्रमाणे कापणारा माणूस निराळा, त्याला शोहेत म्हणतात. सुरीला खाच असून चालत नाही. मांस घरी आलं की अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात, मग तीनदा धुवायचं. रक्ताचा अंश राहू नये म्हणून ही सगळी खटपट. काकू म्हणाल्या, "आई म्हणायची, मीठ लावून ठेव आणि तेवढ्यात नारळ खवून घे. आमचं घड्याळ तेच."

नारळ दोन होते. खवून, वाटून, पिळून पहिलं घट्ट दूध वेगळं काढलं, मग पाणी घालून दुसरं पातळ. कांदा परतला, आलं-लसूण आणि हिरवं वाटण पडलं, हळद, मसाला, मग कोंबडी, बटाटे आणि पातळ दूध. शिजल्यावर आच मंद करून घट्ट दूध. मी विदर्भाचा. आमच्याकडे सुकं खोबरं भाजून काळपट होईपर्यंत वाटतात आणि रश्श्यावर तर्री आली नाही तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही. इथे रस्सा पिवळसर, मऊ, थोडा गोडसर.

दह्यात मुरवलेली कोंबडी या घरात होत नाही. सायीचा, लोण्याचा, तुपाचा मांसाशी संबंध नाही. गाईम्हशीच्या दुधाचं सगळं काम नारळ करतो, आणि नारळ झाडाचा, म्हणून तो मांसाबरोबर चालतो. नारळाचं दूध कोकणात हिंदूही वापरतात, मुसलमानही वापरतात. बेने इस्रायलींनी पदार्थ शेजाऱ्यांचा घेतला आणि त्यात आपला नियम बसवला. न्यूयॉर्कच्या डेलीवाल्याने लोण्याच्या जागी कोंबडीची चरबी आणली, अलिबागच्या तेलिणीने नारळ आणला. दोघांची गाठ कधी पडली नाही, पण अडचण एकच होती आणि दोघांनीही ती घरात जे होतं त्यातून सोडवली.

गोडातही तेच. नव्या वर्षाला करतात तो चिकाचा हलवा. गहू भिजवून, वाटून काढलेला चीक नारळाच्या दुधात आणि साखरेत घोटत राहायचा, तो भांड्याची कड सोडेपर्यंत. मग ताटात ओतून वड्या पाडायच्या. दुधाचा थेंब नसल्यामुळे मटणाच्या जेवणानंतरही तो खाता येतो. तांदळाची वाफवलेली सांदणं आपण रसाबरोबर खातो, इथे ती मटणाच्या रश्श्याबरोबरही येतात.

दिवे लागायची वेळ झाली. काकूंनी डोक्यावरून पदर घेतला, दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. मी वही उघडून लिहीत होतो. घरातल्या आजोबांनी हळूच सांगितलं, "आता लिहिणंही काम झालं. वही ठेवा. जेवा." मी वही पिशवीत टाकली. द्राक्षाच्या मद्याऐवजी मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं शरबत पेल्यात होतं. त्यावर आशीर्वाद म्हटला गेला आणि पेला हातोहात फिरला. पोळीचा तुकडा मीठ लावून प्रत्येकाला मिळाला. मग भात आणि रस्सा. जेवणानंतर दुपारी करून ठेवलेला चहा आला, कोरा. मांस जेवल्यावर दुधाचा चहा नाही.

मलिद्याचं ताट

दुसऱ्याच आठवड्यात अलिबागजवळ एका घरी मलिदा होता. लग्न ठरलं, मूल झालं, आजारातून माणूस उठला, नवं घर घेतलं, की बेने इस्रायली घरात मलिदा होतो. पोहे धुवून निथळायचे. त्यात ओला नारळ, साखर, वेलची, काजू, बदाम, मनुका. ताटात त्याची रास, भोवती पाच फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. एलियाहू हन्नबी, म्हणजे पैगंबर एलिया, याचं गाणं सगळे मिळून म्हणतात. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा आणि जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा. केळीला ज्यू शास्त्र झाड मानत नाही, म्हणून केळं दुसऱ्या आशीर्वादात येतं. पोरांना हे फरक ताटातच शिकवले जातात.

हा एलिया कोकणात येऊन गेला अशी श्रद्धा आहे. अलिबागजवळ खंडाळे गावी एका खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या आणि घोड्याच्या मानतात. नवस फेडायला माणसं तिथे जातात, इस्रायलहून आलेलीही. जगातल्या इतर ज्यूंमध्ये मलिदा नाही. आपले साधे पोहे या एका समाजात आभाराचं नैवेद्यासारखं अन्न झाले. पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह निघालेल्या हग्गादा या प्रार्थनापुस्तकातही असंच चित्र आहे: साडी नेसलेल्या बायका वल्हांडणाच्या सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करताहेत. ग्रंथ हिब्रू, बैठक मराठी.

दुकान कुठे निघालं

मग यांनी मुंबईत डेली का काढली नाही? काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कोणासाठी काढायची? आमची माणसं घरी जेवायची, आणि बाहेरच्यांना यात वेगळं काय दिसणार?"

या उत्तरात सगळं आलं. न्यूयॉर्कला लाखो लोक एका पिढीत आले, एकटे आले आणि अनोळखी शहरात आले. बेने इस्रायली कोकणातून मुंबईत आले ते कुटुंबं घेऊन, हळूहळू. १७९६ साली सॅम्युएल इझीकेल दिवेकर यांनी त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं तेव्हापासून त्यांची वस्ती त्याच्याभोवती होती. गाव एका दिवसाच्या वाटेवर होतं, नारळ तोच, मासे तेच, भाषा तीच. घर दूर पडलंच नव्हतं, तर घरचं जेवण विकत कशाला घ्यावं लागेल?

घर दूर पडलं ते १९४८ नंतर. इस्रायल स्थापन झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक समाज तिकडे गेला. दिमोना, लोद, रामला, अश्दोद, बेरशेबा अशा गावांत तो वसला. वाळवंटातल्या दिमोनाला तर लोक 'छोटा भारत' म्हणू लागले. तिथे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका काढली, विवाहांच्या वाटेत अडथळे आले. समाजाने निदर्शनं केली आणि १९६४ मध्ये त्यांना सर्वार्थाने ज्यू मानण्यात आलं. मासे निवडून ओळख पटवलेल्या बायकांच्या नातवंडांना ती पुन्हा पटवून द्यावी लागली.

आणि तिथे, त्या परक्या गावांत, दुकानं निघाली. कढीपत्ता, पोहे, डाळी, मसाले ठेवणारी. भेळ, समोसे, जिलबी विकणारी. मागे दोन-चार टेबलं टाकून जेवण वाढणारी. घरचीच माणसं चालवणारी. मराठी ज्यूंची डेली अखेर निघाली ती इस्रायलमध्ये, आणि तिथे त्यांनी मांडलं ते भारताचं जेवण. न्यूयॉर्कमध्ये ज्यू माणसाला रोमानिया आणि पोलंडची आठवण येत होती, दिमोनात कोकणाची येऊ लागली. अशी दुकानं धर्मापेक्षा अंतरामुळे निघतात.

आमची डेली

परतीच्या गाडीत मला यवतमाळची खानावळ आठवत होती. वऱ्हाडचा कापूस एकेकाळी शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांवरून मूर्तिजापूरला आणि तिथून मुंबईला जाई. मुंबईच्या गिरण्यांमध्ये बगदादी ज्यू ससून घराण्याच्याही गिरण्या होत्या. त्या गिरण्यांत काम करायला कोकणातून आणि घाटावरून एकटे पुरुष आले, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपले, आणि त्यांना जेवू घालायला गिरणगावात खानावळी निघाल्या. त्या बायका चालवत. महिन्याची उधारी, पगाराला हिशेब. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी, कारण किराणा उधार आणताना त्या सावकाराच्या व्याजात अडकत होत्या.

न्यूयॉर्कची डेली शिवणयंत्रांपाशी उगवली, आपली खानावळ मागांपाशी. तिकडे पास्ट्रामी, इकडे भाकर आणि कालवण. दोन्हीकडे कुटुंबाची मजुरी ताटाच्या दरात धरलेली नसते, म्हणूनच ताट गरिबाला परवडतं. आणि दोन्हीकडे पुढची पिढी त्या कामाला येत नाही. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये दीडेक हजार कोशर डेली होत्या, आज बोटांवर मोजाव्या लागतात. यवतमाळच्या मावशींचा नातू इंजिनिअरिंगला जाणार आहे आणि जावं असंच मावशींना वाटतं.

बेने इस्रायलींची संख्याही झपाट्याने घटली. २०११च्या जनगणनेत भारतातले सगळे ज्यू मिळून पाच हजारही भरले नाहीत. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण स्वयंपाकघर दर्जाने टिकत नाही. एस्थर डेव्हिड यांनी भारतभरच्या ज्यू घरांतून फिरून पदार्थ गोळा केले आणि २०२१ साली पुस्तक काढलं. ठाण्याच्या काकूंच्या ओट्यावर त्यांच्या आईच्या हातची एक वही मी पाहिली. त्यात चिकाच्या हलव्याचं माप 'दोन मापटी' असं आहे. ते मापटं आता घरात नाही. काकूंनी अंदाजाने वाट्या मोजून शेजारी पेन्सिलीने आकडा लिहून ठेवला आहे.

यवतमाळला आल्यावर मी मावशींकडे वही घेऊन गेलो. त्यांच्या वांग्याच्या भाजीत तीळ किती, जवस किती, खोबरं कितपत भाजायचं, हे विचारलं. त्या म्हणाल्या, "असं कोणी विचारलं नाही अजून." मग हातातलं तिखट वाटीत टाकून मोजून दाखवलं.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. दिवाळीला तुम्ही घरी जाल. घरात किंवा रोजच्या खानावळीत जी बाई अंदाजाने रांधते, तिच्याजवळ वही घेऊन बसा. तिच्या मुठीतलं आधी वाटीने मोजा, मग लिहा, आणि खाली तिचं नाव लिहा.